वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी पैसे उभे करताना, माझा अनुभव

पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत आम्ही काही जणी संध्याकाळची अभ्यासिका चालवतो, पहिली ते सातवीची साधारण 40 मुलं येतात. आया धुणंभांडी, स्वयंपाकाची कामं उरकून घरी यायला साडेसात-आठ होतात, तोवर मुलांना उजेडात बसायला जागा, शिकवणारं कोणीतरी आणि पोटात काहीतरी, मूळ काम एवढंच. पण ते रोज व्हावं लागतं, आणि रोजचं म्हटलं की पैशाचं आलंच. नवीन सुरू करणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी बजेट. जागा समाजमंदिराची मिळाली, मंडळाच्या पोरांनीच मिळवून दिली, त्यामुळे भाडं नाही. दोन ताई, दोघी वस्तीतल्याच, प्रत्येकी 6,000 मानधन म्हणजे 12,000. खाऊ रोजचे 10 रुपये मुलामागे, महिन्याचे 24 दिवस धरले तर 9,600 (केळं, उकडलेले चणे, चिक्की, बिस्किटं नाही म्हणजे नाही). स्टेशनरी 1,500 आणि वीजबिल 800. महिन्याला 23,900, म्हणजे वर्षाला पावणेतीन लाखांच्या वर. हा आकडा कागदावर आला तेव्हा सगळ्या गप्प झाल्या होत्या, पण आकडा हातात असल्याशिवाय कोणाकडे जाऊच नये असं माझं ठाम मत आहे.

कारण लोक द्यायला तयार असतात पण वस्तू द्यायला. जूनमध्ये वह्या-दप्तरं इतकी येतात की ठेवायला जागा नसते, वाढदिवसाला केक येतो, कोणी प्रोजेक्टर देतो. ताईंचं मानधन द्या म्हटलं की मात्र लोक विचारात पडतात, "सेवा आहे ना, मग पगार कशाला?" अहो पण मुलं टिकतात ती ताईमुळे! ताई सोडून गेली की आठवड्याभरात निम्मी मुलं गळतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून आम्ही मागणीच बदलली, महिना 500 देणारे 48 जण शोधायचे, बस. ओळखीतले, सोसायटीतले, जुने वर्गमित्र, प्रत्येकाला आकडे दाखवून. सगळे एकदम मिळाले नाहीत, पण जे जोडले गेले ते बहुतेक अजून आहेत आणि आमची अभ्यासिका त्यांच्या जिवावरच चालते.

मग नोंदणी. 2021 मध्ये धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात ट्रस्ट नोंदवला, मग ट्रस्टचं पॅन, बँक खातं, आणि इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर फॉर्म 10ए भरून 12ए (ट्रस्टच्या उत्पन्नाला करसूट) आणि 80जीची (देणगीदाराला करसवलत) तात्पुरती नोंदणी. ती तीन वर्षांचीच असते, पुढे फॉर्म 10एबी भरून नियमित करून घ्यावी लागते (तीही ठरावीक वर्षांचीच), तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. चांगला सीए बघा, जो फोन उचलतो असा. 80जी आलं म्हणजे देणग्यांचा पाऊस पडेल असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं होत नाही, कारण नव्या कर प्रणालीत असलेल्या नोकरदाराला ती सवलत मिळतच नाही. शिवाय 2,000 च्या वर रोख दिली तर जुन्या प्रणालीतही नाही. आणि प्रत्येक देणगीदाराचं पॅन घेऊन ठेवा, 31 मेच्या आत वर्षभरातल्या देणग्यांचा तपशील देणारा फॉर्म 10बीडी भरायचा असतो तेव्हा एकेकाला फोन करत बसायला वेळ नसतो.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाचं, वेगळं प्रकरण. कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीच्या 2 टक्के खर्च करावे लागतात आणि शिक्षण त्यात बसतं, हे खरं, पण संस्थेला तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, शिवाय सीएसआर-1 नोंदणी (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची) लागते. म्हणजे आज ट्रस्ट काढला आणि उद्या कंपनीकडे गेलो असं होत नाही. आम्ही 2024 ला गेलो. तिथे ऐकायला मिळालं की मानधन हा अ‍ॅडमिन खर्च आहे, 5 टक्क्यांच्या वर देता येणार नाही. मी घरी येऊन नियम वाचले. ती 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे, प्रकल्प राबवायला जो थेट खर्च येतो तो त्यात धरतच नाहीत, नियमात स्पष्ट लिहिलंय. प्रिंट काढून, ओळी पिवळ्या करून पुढच्या मीटिंगला नेल्या आणि मानधन मंजूर झालं!! त्या दिवशी मला किती आनंद झाला सांगू. त्यांनी ताईंचं आणि येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाचं पोलीस व्हेरिफिकेशन आणि बालसुरक्षेचं लेखी धोरण मागितलं, ते मागायलाच हवं, आपण आधीच करून ठेवावं.

कंपनीचे पैसे बहुतेकदा एका वर्षाचे असतात, पुढच्या वर्षी मिळतील याची खात्री नाही. म्हणून त्या पैशातून एका ताईचं मानधन आणि लायब्ररी एवढंच घेतो, दुसऱ्या ताईचं मानधन, खाऊ, वीज हे 500 वाल्यांच्या पैशातूनच. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायचा असं ठरलंय, सध्या चार महिन्यांचा जमलाय. यंदा जूनपासून आठवी ते दहावीची बॅच घ्यायची आहे, त्याला गणित-विज्ञानाची ताई किंवा दादा लागेल, म्हणजे महिन्याला अजून 8,000 तरी, तर आता आणखी 16 जण शोधतोय.