आमची वाटचाल : शनिवार पेठेतला ग्रामरचा क्लास

१९९१ च्या जूनमध्ये कराडच्या शनिवार पेठेत मी आणि माझ्या जोडीदार सरांनी क्लास काढला. फळा, सहा बाकं आणि स्टेन्सिलवरून पेपरांच्या प्रती काढायचं एक जुनं सायक्लोस्टाइल मशीन. स्टेन्सिलवर लेखणी जरा जास्त दाबली की इंग्रजी 'ओ'चा पोटातला गोल गळून पडायचा आणि पेपरात काळा ठिपका उमटायचा. रात्री शाईचे हात घेऊनच जेवायला बसायचो.

'पार्ट्स ऑफ स्पीच'चे आमचे पेपर तालुक्यात वेगळे होते. सुटा शब्द देऊन त्याची जात आम्ही कधीच विचारली नाही. 'राउंड' हा एकच शब्द पाच वाक्यांत द्यायचो. 'राउंड टेबल'मध्ये तो विशेषण, 'सेकंड राउंड'मध्ये नाम, 'टर्न राउंड'मध्ये क्रियाविशेषण, 'राउंड द लेक'मध्ये शब्दयोगी, 'राउंड द कॉर्नर' असा हुकूम असेल तर क्रियापद. उत्तराला अर्धा गुण, कारणाला दीड.

२००८ साली जोडीदार सर गेले. समोरच्या चौकात एअरकंडिशन क्लास निघाला होता, तिथे. जाताना सतरा वर्षांच्या पेपरांची फाइल घेऊन गेले. दिवाळीनंतर त्या क्लासची छापील पुस्तिका हाती आली. बारावा प्रश्न पाहिला आणि मी मटकन खाली बसलो. माझ्या स्टेन्सिलवर चुकून 'द' दोनदा पडला होता, तो तिथेही दोनदा! फक्त कारण लिहायच्या ओळी काढून चार पर्याय दिले होते. एकशे चाळीस मुलांची माझ्याकडे अकरा उरली. जागेचं भाडं पाच महिने थकलं. तो दोनदा पडलेला 'द' मी अजून विसरलेलो नाही.

त्या अकरांत एका एसटी कंडक्टरची धाकटी होती. थोरल्या दोघी आमच्याच हाताखालून गेलेल्या. लोकांनी त्यांना समोरचा क्लास सुचवला, तर म्हणाले, "सर, 'फास्ट ट्रेन'मधला फास्ट वेगळा आणि 'रन फास्ट'मधला वेगळा, हे पोरीनं मला गाडीत समजावलं. मला तेवढं पुरे." पुढच्या जूनला पाटणहून भाचीलाही घेऊन आले. त्या वर्षी आकडा चाळीसवर गेला. पुढची वर्षं बरी गेली.

पालकांना एक सांगतो. मुलाला मार्क विचारू नका, 'कशावरून?' विचारा. शेवटी 'ली' दिसला की मुलं डोळे मिटून क्रियाविशेषण लिहितात, आणि 'फ्रेंडली' तर विशेषण आहे. नव्या शिक्षकांनीही व्याख्या पाठ करून घेऊ नयेत. आपण 'टेबलावर' म्हणतो, 'वर' नामाच्या मागून येतो. इंग्रजीत 'ऑन' आधी येतो. मराठी मुलाला आधी हा फरक फळ्यावर दाखवा, मगच 'प्रिपोझिशन' हे नाव सांगा.

मशीन आता चालत नाही, पेपर झेरॉक्सवर निघतात. कारणाच्या ओळी मात्र तेवढ्याच आहेत, आणि तपासतो अजून मीच.