घेई छंद कुणाचं ऐकायचं?

यंदा चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या मूळ घरी सगळे जमलो होतो, आरत्या झाल्या, जेवणं झाली आणि गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून चुलतभावाने मोबाईलवर 'घेई छंद मकरंद' हे नाट्यपद लावलं, सिनेमातलं, २०१५ च्या 'कट्यार'चं. काका आत पान लावत होते ते तसेच बाहेर आले आणि म्हणाले, "बरें आसा, पूण आतां हें आयक मरे," आणि वसंतरावांचं लावायला लावलं. मग प्रसाद सावकारांचं. मग रात्री दीडपर्यंत हेच चाललं, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहून काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, 'कट्यार काळजात घुसली' हे मूळ नाटक रंगभूमीवर आलं डिसेंबर १९६७ मध्ये, लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत आमच्या मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचं. आणि अभिषेकीबुवांनी काय केलंय तर एकाच पदाला दोन चाली दिल्यात. खांसाहेब झालेल्या वसंतराव देशपांड्यांची सालगवराळी रागात आणि सदाशिव झालेल्या प्रसाद सावकारांची धानी रागात. शब्द तेच, भुंगा तोच, फूल तेच, पण माणूस वेगळा. नाटकच मुळात दोन घराण्यांच्या, म्हणजे खांसाहेब आणि सदाशिवाचे गुरू पंडितजी यांच्या भांडणाचं आहे ना, मग ते भांडण संवादात सांगण्याआधी चालीतच सांगून टाकलंय. ही दोन रेकॉर्डिंगं एकापाठोपाठ ऐकली की नाटक न बघताही अर्धी गोष्ट कळते, हे मला त्या रात्री पहिल्यांदा नीट जाणवलं.

सावकार आमचे गोव्याचे म्हणून मी त्यांच्या बाजूने बोलतोय असं नाही, पण त्यांची धानी ऐकताना कसं मोकळं वाटतं, अंगणात उभं राहून कोणीतरी गातंय असं. वसंतरावांचं ऐकताना मात्र मी सावरून बसतो. तो आवाज समोरच्याला आव्हान देतो, मध्येच स्वर असा तिरका फेकतो की खांसाहेब डोळ्यांपुढे उभाच राहतो. ते नुसते गायक म्हणून गात नव्हते, ते खांसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले होते, दाढी लावून रोज रात्री तीन तास. रेकॉर्डिंग करतानासुद्धा ती दाढी निघाली नसणार असं मला वाटतं.

आता सिनेमाचं. राहुल देशपांडे वसंतरावांचे नातू, आणि काय तयारीने गायलेत, त्याबद्दल वादच नाही. पण पडद्यावर खांसाहेब सचिन पिळगांवकर आहेत आणि गळा राहुलचा. सदाशिव सुबोध भावे आणि गळा महेश काळेंचा. शंकर महादेवन यांचं तसं नाही, पंडितजी तेच आणि गाणारेही तेच, आणि मला सिनेमातल्या सगळ्या आवाजांत पंडितजीच सगळ्यात खरे वाटतात त्याचं कारण बहुतेक हेच. राहुलनी २०१० मध्ये हे नाटक परत रंगभूमीवर आणलं तेव्हा खांसाहेब स्वतःच केला होता. त्या प्रयोगांतलं त्यांचं गाणं जिथे मिळेल तिथे ऐका, सिनेमापेक्षा कमी गुळगुळीत आहे आणि म्हणूनच मला जास्त आवडतं.

भूमिका करणाऱ्याचा गळा आणि नुसता गाणाऱ्याचा गळा यात फरक असतोच, तो 'मत्स्यगंधा'त तर फारच कळतो. १९६४ चं नाटक, धी गोवा हिंदू असोसिएशनचं, संगीत पुन्हा अभिषेकीच. आशालता वाबगावकरांचं 'अर्थशून्य भासे मज हा' काढून ऐका. स्पर्धांमधून हे पद शेकडो मुली गातात, ताना जास्त, हरकती जास्त, सगळं सुरेल. आशालताबाई त्यातलं फारसं काही करत नाहीत, शब्द जसा बोलावा तसा गातात, आणि 'कलह' हा शब्द येतो तिथे खरंच थकल्यासारखं वाटतं.

पण हा नियम सगळीकडे लागू होत नाही हेही सांगायला हवं, कारण काकांनी शेवटी मास्टर दीनानाथांचं 'परवशता पाश दैवे' लावलं. 'रणदुंदुभी' हे १९२७ चं नाटक. जुन्या ७८ च्या तबकडीवर तीन-सव्वातीन मिनिटंच मावायची, जे पद रंगमंचावर वन्समोअर घेत घेत कितीही वाढायचं ते एवढ्यात बसवायचं, त्यामुळे की काय दीनानाथांचा आवाज विजेसारखा येतो आणि जातो, खरखरीतूनसुद्धा. आणि मग त्यांची मुलगी आशा भोसले, आशाबाईंचं तेच पद. त्यांनी ती भूमिका कधी केली नाही, वडील गेले तेव्हा त्या आठ वर्षांच्या. तरीही ती तडफ आहे, आणि वडिलांच्या रेकॉर्डमध्ये जे शब्द खरखरीत बुडतात ते इथे लख्ख ऐकू येतात. दोन्हींतलं एक निवड म्हटलं तर मला निवडता येणार नाही.

आणि आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं रेकॉर्डिंग. आजोबा आमच्या गावच्या उत्सवातल्या नाटकांना ऑर्गन वाजवायचे. एका वर्षी 'कट्यार' बसवलं होतं आणि काकांनी टेपरेकॉर्डर विंगेत ठेवून ते टेप केलं. खांसाहेब गावच्याच शाळेचे मास्तर. आवाज पहाटेपर्यंत जागून बसलेला, मागे जनरेटर, कोणाचं तरी मूल रडतंय, तबला जरा पुढे पळतोय आणि आजोबांचा ऑर्गन त्याला धरून ठेवतोय. मास्तर सालगवराळी घेतात, एका ठिकाणी चुकतात, परत येतात, आणि मंडपातून जो 'वन्समोअर' उठतो तो कुठल्याच कंपनीच्या रेकॉर्डवर नाही. दुसऱ्यांदा ते जास्त चांगलं गातात. साठ मिनिटांची कॅसेट, त्यामुळे दुसऱ्या अंतऱ्यालाच बाजू संपते.

रीळ आता चिकटायला लागलंय. म्हापशाला एक जण कॅसेटवरून पेनड्राइव्हवर घालून देतो असं कळलंय, येत्या शुक्रवारी बाजाराला जाताना काकांना पण घेऊन जाणार आहे, ते म्हणतात कॅसेट माझ्या हातातच राहूदे.