रेघेच्या आत जागा करायची तर

चवथीच्या आठ दिवस आधी अण्णाकाकांचा फोन आला. इथे अमेरिकेत ऑरेगनात रात्रीचे साडेनऊ, तिकडे गोव्यात पेडण्यात सकाळचे दहा. आधी गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाचं झालं, मग पावसाचं, आणि शेवटी मुद्दा. "बाय, डोंगरावरच्या काजूच्या बागेला गिऱ्हाईक आलंय. तुझी सही लागेल."

आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच, त्यामुळे बाबांच्या मागे त्या बागेला माझंही नाव लागलंय. मी विचारलं, "पण काका, ती जागा आराखड्यात ऑर्चर्ड झोनमध्ये, म्हणजे बागायतीत ना? तिथे घरं कशी बांधणार?"

"झोन बदलून घेतो म्हणतात. ती त्यांची जबाबदारी."

त्या रात्री मला झोप लागली नाही. बागेच्या आठवणीने नव्हे. 'झोन बदलून घेतो' हे वाक्य काका जितक्या सहज बोलले, तितक्या सहज ते इथे कुणाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही, म्हणून.

मी राहते ते हिल्सबोरो पोर्टलंडच्या पश्चिमेला आहे. आमच्या भागात ओरेंको म्हणून एक रेल्वे स्टेशन आहे. स्टेशनभोवती चार-पाच मजली इमारती, खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. तिथून उत्तरेला सायकलने निघालं की थोड्या वेळात एक रस्ता लागतो. त्याच्या अलीकडे घरं संपतात आणि पलीकडे शेती सुरू होते. मध्ये कुंपण नाही की पाटी नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, पलीकडचे मालक हट्टी असतील, विकत नसतील. नंतर कळलं, तिथे एक रेघ आहे.

१९७३ साली ऑरेगन राज्याने जमिनीच्या वापराचा कायदा केला. विलामेट खोऱ्यातली सुपीक जमीन घरांखाली जातेय हे पाहून टॉम मॅककॉल या राज्यपालांनी तो लावून धरला, आणि विधिमंडळात तो पुढे नेणारे हेक्टर मॅकफर्सन स्वतः गाईगुरं सांभाळणारे शेतकरी होते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शेती वाचवा असं म्हणणारा माणूस शेतीतच उभा होता. त्या कायद्याने प्रत्येक शहराभोवती वाढीची हद्द ठरवायला लावली. पोर्टलंड परिसराची रेघ १९७९ साली पडली. ती सांभाळते मेट्रो नावाची संस्था, तीन काउंटी (म्हणजे जिल्हे) आणि चोवीस शहरं मिळून एक, आणि तिचे सदस्य लोक मतदानाने निवडतात. पुढच्या वीस वर्षांच्या घरांना पुरेल इतकी जागा रेघेच्या आत आहे का, हे दर सहा वर्षांनी तपासावं लागतं. नसेल तर रेघ सरकते. म्हणजे ती दगडावरची नाही. पण सरकते ती अख्ख्या प्रदेशाचा हिशेब मांडून. एकट्या मालकाच्या अर्जावर सहसा कुणाची बाग तिच्या आत येत नाही.

तिलाही बगल देण्याचा प्रयत्न झालाच. चिपचे कारखाने आणायचे म्हणून २०२३ साली कायदा झाला आणि राज्यपालांना नेहमीची प्रक्रिया बाजूला ठेवून काही जमीन रेघेच्या आत घेण्याचा मर्यादित काळापुरता अधिकार मिळाला. आमच्याच हिल्सबोरोच्या उत्तरेची ३७३ एकर शेती त्यात सुचवली गेली. २०२४ च्या पानगळीत सुनावणी झाली. रोजगार हवा म्हणणारेही होते, आणि त्यांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही, आमचंही घर याच धंद्यावर चालतं. पण शेतकरी मातीबद्दल बोलत होते. ही माती एकदा काँक्रीटखाली गेली की परत मिळत नाही, एवढंच ते पुन्हापुन्हा सांगत होते. वर्षअखेरीस राज्यपालांनी तो प्रस्ताव सोडून दिला.

आता आपल्याकडे बघा. २००६ साली 'प्रादेशिक आराखडा २०११' आला, म्हणजे २०११ पर्यंत कुठली जमीन कशाला वापरायची याचा नकाशा, लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. मग वास्तुविशारद चार्ल्स कोरियांच्या पुढाकाराखालच्या कृतिदलाने २०२१ चा आराखडा आखला. गावागावांचे नकाशे पंचायतीत आले, लोकांनी त्यावर सूचना दिल्या. आमच्या वाड्यावरचे, म्हणजे वस्तीवरचे बाप्येही भिंगातून आपापलं शेत शोधत होते, असं बाबा सांगायचे. एवढं करून जी रेघ पडली, तिला २०२३ साली नगरनियोजन कायद्यातल्या १७(२) कलमाचं दार उघडलं गेलं. आराखड्यातली 'चूक' दुरुस्त करायची म्हणून एकेका तुकड्याचा झोन बदलायचा. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याचे नियम रद्द केले. पण त्याआधीच २०२४ साली त्याच कायद्यात झोन बदलायचं ३९अ कलम आलं होतं. अर्ज करा, नोटीस निघेल, हरकतींना तीस दिवस. काकांच्या गिऱ्हाइकाचा भरवसा याच वाटेवर असणार. तुकड्यातुकड्याने बदललेला नकाशा हा नकाशा उरत नाही. कारण आमच्या बागेखाली जी झर आहे, तिच्यावर खालची तीन कुळागरं, म्हणजे माड-पोफळीच्या बागा, आणि नऊ जणांची वायंगण, म्हणजे उन्हाळी भातशेती चालते. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो डोंगर आणि सडा पिऊन ठेवतात म्हणून मे महिन्यापर्यंत झर वाहते. डोंगर कापला तर पहिल्या पावसात तांबडी माती शेतात येईल आणि दुसऱ्या उन्हाळ्यात झर आटेल. अर्जावर या नऊ जणांची नावं नसतात.

इथवर लिहून थांबता आलं असतं. पण रेघेची दुसरी बाजू मी इथेच पाहिली आहे. पोर्टलंडमध्ये रेघेच्या आत बहुतेक निवासी जमिनीवर एका प्लॉटला एकच घर असा नियम होता. माणसं वाढली, जागा तेवढीच, आणि घरभाडी तरुणांच्या आवाक्याबाहेर गेली. कितीतरी जण कोलंबिया नदी ओलांडून शेजारच्या राज्यात राहायला गेले. शेवटी २०१९ साली ऑरेगनने कायदा करून मोठ्या शहरांत एका प्लॉटवर चार बिऱ्हाडांपर्यंत परवानगी द्यायला लावली. आमच्या गल्लीत असं चार बिऱ्हाडांचं घर उभं राहायचं ठरलं, तेव्हा विरोधाच्या पत्रावर सह्या गोळा झाल्या. तेच शेजारी दर निवडणुकीला शेती वाचवायच्या बाजूने असतात. मी सही केली नाही. आज त्या घरात दोन मुलांना एकटीने वाढवणारी एक परिचारिका राहते. एरवी तिला रोज दीड तास गाडी चालवून यावं लागलं असतं.

डिसेंबरात मी गावी आले आणि ग्रामसभेला बसले. पहिला विषय डोंगरावरच्या मोठ्या प्रकल्पाचा. पाणी कुठून आणणार, कचरा कुठे टाकणार, आपल्या अरुंद रस्त्यावर एवढ्या गाड्या कशा मावणार, सगळं बरोबर बोललं गेलं. एकमताने विरोध. मलाही हात वर करताना बरं वाटलं. पुढचा विषय एका मुंडकार कुटुंबाचा, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहिलेल्यांचा. तीनशे चौरस मीटरच्या जागेत अकरा माणसं. धाकट्याचं लग्न ठरलंय, वर एक मजला चढवायचा आहे. आणि मघाशी डोंगरासाठी उभे राहिलेलेच काही जण हरकत घ्यायला उभे राहिले. आमच्या अंगणात नजर जाईल, वाड्याचं रूप बिघडेल, उद्या सगळेच मागतील.

सरपंचांनी विषय पुढे ढकलला. तो मुलगा खुर्चीवरून उठलाच नाही, कागदाची सुरळी हातात धरून बसून राहिला.

मला राग आला तो इथे. डोंगर नको, शेत नको, खाडीकाठचं खाजन नको, आणि वाड्यातही नको, तर त्या मुलाने संसार कुठे थाटायचा? २०११ च्या जनगणनेत गोव्यातलं साधारण पाचातलं एक घर रिकामं होतं. आमच्याच वाड्यावर चार घरांना वर्षभर कुलूप असतं, त्यातलं एक आमचं आहे. घरं कमी आहेत असं मला वाटत नाही. ज्याला राहायचं आहे त्याच्यासाठी ती नाहीत, आणि डोंगरावरचे फ्लॅट तर त्याच्यासाठी कधीच नव्हते.

संध्याकाळी काकांशी बोलले. बाग विकायची त्यांची इच्छा नव्हतीच. दोन मुलगे, एक सून, दुसरी येणार, आणि थोरल्याने म्हापशात फ्लॅट बघितला तर किंमत ऐकून घरी आला. पैसा हवा होता तो त्यासाठी. मग आम्ही टेप घेऊन घर मोजलं. वापरात नसलेला गोठा, माझ्या बाबांची बंद खोली, मागचं पोरसू, म्हणजे परसबाग. सगळं सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे घरं बांधायच्या जागेत आहे. गोठ्याच्या जागी दुमजली बांधलं तर दोन बिऱ्हाडं सहज होतात, विहीर न हलवता. बाबांच्या खोलीची किल्ली मी काकांच्या हातात दिली. काकू काही न बोलता चहा ठेवायला गेल्या.

बागेच्या कागदावर मी सही केली नाही. घराच्या अर्जावर केली. मुंडकारांच्या मजल्याला आमची हरकत नाही असं पत्रही पंचायतीत दिलं, कारण त्यांची खिडकी आमच्याच अंगणावर उघडणार आहे. आमच्या दुमजल्याला मात्र पलीकडच्या घरातल्या काकींचा होकार अजून आलेला नाही. त्यांच्या फणसावर सावली पडेल असं त्या म्हणतात. इथे ऑरेगनात आज रात्री साडेनऊ वाजले की मी त्यांना फोन लावणार आहे.