मेस्त्रेला का राहत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"व्हेनिसच्या आत राहायला एवढे पैसे कशाला घातलेत? मेस्त्रेला निम्म्यात झालं असतं." मेस्त्रे म्हणजे व्हेनिसचं जमिनीवरचं उपनगर. इटलीहून परतल्यापासून हा प्रश्न आत्येभावापासून सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. आत्येभावाचं गणित तर मला पाठ आहे. मेस्त्रे ते सांता लुचिया, म्हणजे व्हेनिसचं स्टेशन, ट्रेनने दहा-बारा मिनिटं, गाड्या सारख्या, तिकीट किरकोळ, आणि खोलीत आपण जातो ते फक्त पाठ टेकायला. मी "हौस हो, दुसरं काय" म्हणून विषय बदलते. आता त्याचाही कंटाळा आलाय. शिवाय ज्यांच्यासाठी गप्प बसत होते त्या बाबांनीच परवा सांगितलं, "लिहून टाक एकदाचं. म्हातारे काय फक्त आम्हीच होणार आहोत?"

तर ऐका. पहिल्या खेपेला आम्ही मेस्त्रेलाच उतरलो होतो. हॉटेल मीच शोधलं होतं, हेच गणित मांडून. त्या गणितात तेव्हाही चूक नव्हती, आजही नाही. व्हेनिसला दिवसभरासाठी येणाऱ्यांवर 2024 पासून काही ठरावीक दिवशी प्रवेश फी लागली, सुरुवातीला पाच युरो, तीही मेस्त्रेत मुक्काम असेल तर भरावी लागत नाही, कारण मेस्त्रे त्याच महापालिकेत येतं. म्हणजे कागदावर सगळं मेस्त्रेच्याच बाजूने.

कागदावर नसतं ते बाबांचं प्रोस्टेट. तासा-दीड तासाने जावंच लागतं, उन्हं कलली की त्याहून लवकर. सार्वजनिक स्वच्छतागृह सापडलं तर दीड युरो. नाहीतर एखाद्या बारमध्ये शिरायचं, काउंटरवर उभ्याउभ्या कॉफी घ्यायची आणि "बान्यो?", म्हणजे संडास कुठे, विचारायचं. आत जायला मिळावं म्हणून कॉफी, आणि त्या कॉफीमुळे पुन्हा जायची वेळ. दुपारपर्यंत बाबा यावर विनोद करत होते.

ऑक्टोबर होता. दिवे लागलेला सान मार्को चौक बघून आम्ही एक नंबरच्या वापोरेत्तोत बसलो. ही बोट ग्रँड कनालवरच्या जवळजवळ प्रत्येक थांब्यावर लागते. स्टेशनला पोचेतो नऊ वाजून गेले होते. बोर्डावर मेस्त्रेकडच्या गाड्यांपुढे एकामागून एक 'कान्चेल्लातो', म्हणजे रद्द. रेल्वेचा संप शुक्रवारी आहे हे मी वाचलं होतं, त्या दिवशी गुरुवार होता. पण तिकडे रेल्वेचे संप पुष्कळदा आदल्या रात्री नऊला सुरू होतात आणि दुसऱ्या रात्री नऊला संपतात. आम्ही नेमके त्या उंबऱ्यावर येऊन उभे.

स्टेशनातलं स्वच्छतागृह बंद. समोरच्या बारमध्ये गेलो तर दारावर कागद, 'गुआस्तो', म्हणजे बिघडलंय. मग सगळी गर्दी जिकडे निघाली तिकडे आम्हीही, काचेच्या पायऱ्यांचा तो पूल चढून पियात्साले रोमा या बसच्या चौकात, बस पकडायला. पुलावर बाबांचं बोलणं बंद झालं. मी दोनदा विचारलं, त्यांनी मान हलवली. रांग भलीमोठी होती. पुढच्या बसमध्ये आम्ही मावलो नाही.

आधी कळलं ते आईला. तिने काही न बोलता खांद्यावरची शाल काढून त्यांच्या हातात दिली आणि मोठ्याने म्हणाली, "गार वारं सुटलंय, कमरेला गुंडाळा." पिस्ता रंगाची पँट होती, प्रवासासाठी मुद्दाम शिवलेली. मागच्या जोडप्याने नजर फिरवली, आणि त्यांनी ती फिरवली हे बाबांनी पाहिलं. बस आली. एक कॉलेजातला मुलगा उठून त्यांना जागा देऊ लागला. बाबा हसून "नो, नो, थँक यू" म्हणत राहिले आणि मेस्त्रेपर्यंत दांडीला धरून उभे राहिले. त्या पोराला वाटलं असेल, काय ताठ म्हातारा आहे.

रात्री भिंतीपलीकडून नळाचा आवाज बराच वेळ येत होता. आईला हात लावू दिला नाही, पँट स्वतः धुतली. सकाळी म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मला गुडघा जरा जाणवतोय." गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. आम्ही दोघी नाही गेलो. तिघंही दिवसभर मेस्त्रेत, खिडकीतून स्टेशनचं पार्किंग बघत.

हे कुठेही घडलं असतं, असं आत्येभाऊ म्हणेल. घडलं असतं. पण कान्नारेजोत, म्हणजे व्हेनिसच्या आतल्याच एका विभागात असतो तर संप असो नाहीतर प्रलय, चालत खोलीवर पोचलो असतो. पुढे दोनेक वर्षं बाबा कुठल्याच प्रवासाला तयार होईनात. झाले तेव्हा मी काही न विचारता तिथल्या स्त्रादा नोव्हा रस्त्याच्या मागे एका लहानशा हॉटेलात खोल्या घेतल्या. पत्त्यात रस्त्याचं नाव नाही, नुसतं कान्नारेजो आणि चार आकडे, कारण व्हेनिसमध्ये घरांचे क्रमांक अख्ख्या विभागाला मिळून असतात. खोली एवढीशी, की बॅग उघडायची तर कोणीतरी पलंगावर पाय घ्यायचे. पैसे जवळपास दुप्पट. बाबा दिवसातून वाटेल तितक्या वेळा खोलीवर येऊन जात होते, कोणाला न सांगता, किल्ली स्वतःच्या खिशात. संध्याकाळी एकटेच गेत्तोच्या चौकातल्या बाकावर जाऊन बसायचे. व्हेनिसने 1516 मध्ये ज्यूंना त्या बेटावर कोंडलं, जागा वाढेना म्हणून मजल्यावर मजले चढले, हे त्यांनीच वाचून आम्हाला सांगितलं. दुप्पट पैसे कशाचे, तर त्या किल्लीचे.

आता लगेच "म्हणजे नेहमी गावाच्या मधोमधच राहायचं" असा अर्थ काढू नका. चिंक्वे तेर्रे म्हणजे समुद्रकाठची पाच गावं, तिथे आम्ही पाचपैकी एकाही गावात राहिलो नाही, जवळच्या ला स्पेत्सिया शहरात स्टेशनजवळ राहिलो, म्हणजे अगदी मेस्त्रेछाप निर्णय. त्या पाचातल्या कोर्निलियाला स्टेशनवरून गावात जायला 382 पायऱ्या आहेत. बस असते, पण बसची वाट बघणं हा प्रकार आम्ही एकदा करून चुकलोय. आत्येभावाने हे बरोबर पकडलं, "मग तिथे कुठे गेली तुझी तत्त्वं?" तत्त्वबित्त्व काही नाही. हॉटेल बघताना मी नकाशावर एवढंच बघते, की दुपारी तीन वाजता बाबांना खोलीवर जावंसं वाटलं तर मध्ये किती पूल, किती पायऱ्या आणि कोणाकोणाची मर्जी. शिवाय लिफ्ट आहे का हे लेखी विचारते. तिथल्या जुन्या इमारतींत तळमजला आणि पहिला मजला यांच्यामध्ये आणखी एक बुटका मजला असू शकतो, तो मोजणीत धरत नाहीत. जाहिरातीतला दुसरा मजला पायांना तिसरा लागतो.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही, आणि ती कोणी विचारतही नाही. व्हेनिसमध्ये रियाल्तो पुलाजवळ एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत आकड्यांची पाटी आहे, जुन्या व्हेनिसमध्ये किती माणसं उरली ते दाखवणारी. 2008 पासून आहे. 2022 मध्ये आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला, आणि पुढच्या वर्षी पर्यटकांच्या खाटा रहिवाशांहून जास्त झाल्या. बाबा त्या पाटीसमोर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "त्या खाटांत आपली खोलीही मोजली असेल ना?" असणारच. त्यातल्या त्यात म्हणून मी भाड्याचा फ्लॅट टाळते, हॉटेलच घेते. पण ते हॉटेलही कधीकाळी कोणाचं राहतं घर असेल, आणि आईला वरणभात लावायला स्वयंपाकघर हवं असतं, तेव्हा पुढच्या वेळी मी फ्लॅटच घेतला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. मेस्त्रेला राहून व्हेनिसमध्ये माणसं परत येणार आहेत का, तेही मला माहीत नाही.

वहिनी, तुम्ही दोघं मे महिन्यात निघालाय म्हणून खास तुमच्यासाठी: चाळिशीतले आहात, गुडघे धड आहेत, मेस्त्रे घ्या बिनधास्त. फक्त संपाची तारीख बघताना आदली रात्रही बघा. संपाच्या दिवशी, रविवार किंवा सुट्टी नसेल तर, सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ लोकल गाड्यांची हमी असते, त्या वेळात परत फिरा. आणि सासूबाई येणार असतील तर मला आधी फोन करा, त्या हॉटेलचा नंबर देते.