तुम्ही विचारलंत म्हणून: हजारो पाणपक्षी मोजतात तरी कसे?

जानेवारीत पाणपक्षी गणनेचे आकडे वर्तमानपत्रांत आले की हा प्रश्न हटकून येतो. धरणावर बारा हजार पक्षी होते म्हणता, ते मोजले कोणी? एकेक करून? की दिला आकडा ठोकून? विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुतेकदा हसू असतं आणि त्यात चूक काही नाही. उडणारी, बुडी मारणारी, एकमेकांआड लपणारी हजारो पाखरं नेमकी मोजता येतात असं कोणी सांगितलं तर शंका यायलाच हवी.

तर सरळ उत्तर असं: दोन-तीनशे पक्षी असतील तर ते खरंच एकेक करून मोजतात. त्यापुढचा आकडा अंदाजच असतो. मात्र तो कसा काढायचा याची रीत ठरलेली आहे, आणि दर वर्षी त्याच रीतीने काढला तरच त्याला अर्थ आहे. भारतात १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, ती याच भरवशावर.

मोठा थवा तुकड्यांनी मोजायचा. आधी एका बाजूचे दहा पक्षी खरोखर मोजा. ते दुर्बिणीच्या वर्तुळात किती जागा व्यापतात ते डोळ्यात बसू द्या. मग तेवढ्याच जागेचे पुढचे दहा, त्यापुढचे दहा, असं करत शंभराचा तुकडा तयार होतो. पाचशेचा थवा असेल तर दहा-दहांनी पुढे सरका, चार-पाच हजारांचा असेल तर पन्नास-पन्नासांनी, त्याहून मोठा असेल तर शंभरांनी. हातातल्या काउंटरची एक टिचकी म्हणजे एक तुकडा. डाव्या टोकाकडून उजवीकडे मोजून झालं की उजवीकडून डावीकडे पुन्हा. दोन आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा मोजायचं. दोन आकड्यांची सरासरी काढून मोकळं होण्याचा मोह टाळा. एवढा फरक पडतो तेव्हा एका फेरीत बहुतेकदा थव्याचा एखादा भाग अख्खा सुटलेला असतो.

चूक होते ती बहुधा कमी मोजण्याकडे. याची कारणं दोन. थव्याच्या कडेला पक्षी विरळ असतात, मध्ये दाटी. कडेवर बसवलेलं दहाचं माप तसंच मध्यभागी वापरलं की तिथले पंधरा दहा ठरतात. म्हणून दाटीत शिरल्यावर माप पुन्हा बसवायचं. दुसरं कारण उभं राहायची जागा. पाण्याच्या पातळीवरून पाहिलं की पुढच्या रांगेमागे चार रांगा झाकल्या जातात. धरणाची भिंत, बांध, निरीक्षण मनोरा, जे उंच सापडेल त्यावर चढा. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला चापडगावच्या बाजूला मनोरे आहेत, त्यावरून आणि काठावरून केलेल्या मोजणीत किती तफावत पडते ते एकदा करूनच पाहा.

घरी सराव करायचा तर मूठभर मटकी ताटात पसरा, पाच सेकंद पाहा, आकडा लिहा, मग मोजा. पहिल्या आठवड्यात स्वतःविषयीचे बरेच गैरसमज दूर होतात.

आता मिश्र थवे. खुल्या पाण्यावर वारकरी (कूट नावाचे काळे पाणपक्षी), लालसरी, तलवार बदक, थापट्या, गढवाल असे सगळे एकत्र तरंगत असतात. इथे प्रत्येक जातीसाठी थवा पुन्हा पुन्हा मोजत बसलात तर तोवर थव्याची घडी मोडते. आधी सगळ्यांची मिळून एकूण संख्या काढायची. मग स्कोप (ट्रायपॉडवर लावायची जास्त पटींची दुर्बीण) थव्याच्या चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणी रोखून दर ठिकाणचे शंभर पक्षी जातवार पाहायचे. पाच ठिकाणच्या पाचशेंत तीनशे वारकरी निघाले तर एकुणात साठ टक्के वारकरी. जागा मात्र विखुरलेल्या हव्यात. डुबी मारणारी बदकं खोल पाण्याकडे असतात, थापट्या आणि चक्रांग उथळ कडेला. एकाच कोपऱ्यावरून प्रमाण काढलं की लालसऱ्यांचे भलते आकडे येतात. शिवाय बुडी मारणाऱ्या बदकांपैकी काही नेहमीच पाण्याखाली असतात, त्यामुळे त्यांच्यावरून दोन-तीनदा नजर फिरवून सर्वांत मोठा आकडा धरायचा.

ओळख पटली नाही तर तसं लिहा: ‘बदक, जात अनिश्चित, ३५०’. ही नोंद कामाची आहे. ते ३५० पक्षी कोणत्या तरी जातीत ढकलून दिले की मात्र ती नोंद खोटी होते, आणि अशी खोटी नोंद नंतर कोणालाच सापडत नाही.

साहित्य फार लागत नाही. ८×४२ किंवा १०×४२ ची दुर्बीण, लांबच्या थव्यांसाठी २०–६० पटींचा स्कोप आणि डगमगणार नाही असा ट्रायपॉड, कारण हलक्या ट्रायपॉडवर वाऱ्यात ६० पट मोठं केलेलं चित्र नुसतं थरथरतं. वहीसोबत पेन्सिल, दवाने ओल्या झालेल्या कागदावर शाईचा फराटा होतो. सोबत एक लिहिणारा हवाच. पाहणाऱ्याने वहीत डोकं घातलं की थव्यातली जागा हरवते. एकटेच असाल तर मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा.

वेळेचं गणित यापेक्षा जास्त बिघडतं. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे पाहायचं, म्हणजे ऊन पाठीशी राहतं. समोरून ऊन आलं की सगळी बदकं काळी. जानेवारीत गोदाकाठी धुकं असतं, ते विरेपर्यंत थांबावं लागतं. उलट दहानंतर पाण्यावर उन्हाच्या लाटा उठतात आणि स्कोपमधून पलीकडचा काठ वितळल्यासारखा दिसतो. हातात उरतात दोन-अडीच तास. बदकांना ही वेळ चालते, कारण पुष्कळ बदकं रात्री चरून दिवसा पाण्यावर विसावतात. क्रौंच पक्ष्यांचं वेगळं. ते रात्री उथळ पाण्यात उभे राहतात आणि सकाळी हरभऱ्याच्या, ज्वारीच्या शेतांकडे निघून जातात. त्यांना मोजायचं तर उजाडण्याआधी पोचा किंवा संध्याकाळी परतताना मोजा. बगळे आणि पाणकावळे यांच्या रात्रवस्तीच्या झाडांनाही हाच नियम.

मोजणी मध्यावर आली की भोवत्या हा शिकारी पक्षी येतो, हेही ठरलेलंच. तो खाली झुकला की वारकऱ्यांचा अख्खा गालिचा फडफडत सरकतो आणि बदकं हवेत जातात. अर्धवट आकडा सोडून द्या, पंधरा-वीस मिनिटं थांबा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. मोजायला सोपं जावं म्हणून टाळ्या वाजवून पक्षी उडवणारे महाभाग असतात, त्यांना गटात घेऊ नये. होडीतून मोजणीही शक्यतो नको. होडी थव्याकडे निघाली की तो आधीच पुढच्या फुगवट्यात जाऊन बसतो आणि तिथे पुन्हा मोजला जातो. दुबार मोजणी टाळायला मोठ्या जलाशयावर सगळे गट एकाच सकाळी, ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळेत मोजतात. कोणत्या दिशेने किती पक्षी उडून गेले आणि किती वाजता, हे प्रत्येक गटाने लिहायचं, म्हणजे नंतर ताळा जमवता येतो.

इतकं सगळं नीट करूनही एक रकाना रिकामा राहिला तर आकडा लंगडा राहतो: पाण्याची पातळी. उजनीचं उदाहरण घ्या. जलाशय तुडुंब असताना भिगवणच्या बाजूला चिखलाची कड फारशी उघडी नसते. रोहित (फ्लेमिंगो), शेकाटे, तुतारी, टिलवे यांना उभं राहायला जागाच नसते. पाणी ओसरलं की गाळ उघडा पडतो आणि तेच पक्षी हजारोंनी दिसू लागतात. एका जानेवारीत रोहित नाहीत आणि दुसऱ्या जानेवारीत भरपूर आहेत, यावरून रोहित वाढले असं म्हणता येत नाही. त्या वर्षी पाणी आधी उतरलं, एवढंच खात्रीने म्हणता येतं. म्हणून पत्रकावर पातळी, उघडा चिखल अंदाजे किती, गाळपेर कुठवर आली, जलपर्णी, बेशरम आणि पाणकणीस किती पसरलंय, मासेमारीची जाळी किती, गुरं किती, हे सगळं लिहायचं. पक्षी मोजून झाल्यावर हा भाग भरायचा सगळ्यांना कंटाळा येतो. दहा वर्षांनी तक्ता मांडणाऱ्याला मात्र सर्वांत आधी हाच भाग लागतो.

खाडीत पातळीच्या जागी भरती येते. ठाणे खाडीत ओहोटीला रोहित मैलभर चिखलावर विखुरतात आणि उन्हाच्या लाटांत गुलाबी रेषा तेवढी दिसते. भरती चढू लागली की ते उरलेल्या चिखलावर, मग आजूबाजूच्या पाणथळींत दाटीने गोळा होतात. मोजायचं ते तेव्हा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, त्यामुळे मागच्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. छोटा रोहित आणि मोठा रोहित वेगळे करताना चोच पाहा: मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी, छोट्याची लांबून जवळजवळ पूर्ण काळपट. चरताना चोच पाण्यात असते, म्हणून प्रमाण काढायला वेळ द्यावा लागतो. रंगावर भिस्त ठेवू नका, दोन्ही जातींची पिल्लं राखाडी असतात.

या दाटीचे फोटो काढून संगणकावर प्रत्येक पक्ष्यावर ठिपका ठेवत मोजणं हा डोळ्याचा अंदाज तपासायचा सर्वांत चांगला उपाय. फोटो एकमेकांवर थोडे चढतील असे काढा आणि जोडावर एखादी खूण, खांब किंवा झुडूप, येऊ द्या. पॅनोरमा टाळा, कारण चालणारा रोहित त्यात दोनदा येतो किंवा अर्धा कापला जातो.

लिहितानाची एक खोड सांगायलाच हवी. वारकरी अंदाजे १२,०००, पट्टकदंब मोजून ३७, म्हणून एकूण १२,०३७. तो शेवटचा ३७ नुसता दिखाऊ आहे. बेरीज लिहा १२,०००, आणि कोणता आकडा मोजलेला, कोणता अंदाजाचा, ते शेजारी नोंदवा. ‘हजारहून अधिक’ असं लिहू नका, त्याची बेरीज करता येत नाही. पक्षी नसतील तर शून्य लिहून पत्रक पाठवा. ‘काही नव्हतं म्हणून पाठवलं नाही’ यामुळे आटत चाललेले तलाव तक्त्यातून गुपचूप गळून जातात.

हे आकडे वापरले जातात ते असे. रामसर करारात (पाणथळींच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार) एखाद्या पाणथळीला आंतरराष्ट्रीय महत्त्व देण्याच्या निकषांपैकी दोन थेट पाणपक्ष्यांच्या मोजणीवर उभे आहेत: तिथे नियमितपणे २०,००० किंवा अधिक पाणपक्षी असणं, किंवा एखाद्या जातीच्या पक्षीसंख्येपैकी एक टक्का तिथे असणं. ‘नियमितपणे’ हे एका वर्षाच्या मोजणीतून कळत नाही, त्याला सलग वर्षांच्या नोंदी लागतात, तेही त्याच जागांवरून केलेल्या. एका वर्षी पाच माणसांनी चार ठिकाणांहून मोजलं आणि पुढच्या वर्षी पन्नास माणसांनी वीस ठिकाणांहून, तर आकडा वाढणारच. पक्षी दुपटीने वाढल्याची बातमी वाचलीत की आधी मोजणारे किती वाढले ते विचारा.

आणि पाणकणसात दडलेले पाणलावे, फटाकड्या? ते मोजले जात नाहीत. दिसले तेवढे लिहायचे आणि शेजारी नोंद करायची की वनस्पती दाट होती. पुढच्या वर्षी त्याच पाणकणसाच्या कडेला, त्याच वेळी, तितकीच मिनिटं उभं राहायचं.