उंदराच्या मेंदूआवरणाच्या पेशी मागवताना : माझा अनुभव

मेनिंजियल सेल्स, म्हणजे मेंदूवरच्या आवरणाच्या पेशी, परदेशातून मागवणार असाल तर आधीच सांगते, ऑर्डर, पैसे, संस्थेच्या समितीची मंजुरी हे सगळं पार पडतं. घोडं अडतं ते विमानतळावर, माल तपासून सोडणाऱ्या कार्यालयात. त्या कार्यालयाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

न्यूरॉनचं कल्चर करणाऱ्यांना, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशी प्रयोगशाळेत वाढवणाऱ्यांना, हे आवरण चांगलं माहीत असतं. पिल्लाचा मेंदू बाहेर काढला की मायक्रोस्कोपखाली बारीक चिमट्याने तो पातळ, रक्तवाहिन्यांमुळे लालसर दिसणारा पापुद्रा सोलून टाकायचा. थोडा जरी राहिला तरी त्यातल्या पेशी भराभर वाढतात आणि न्यूरॉनला जागा उरत नाही. २०१५ मध्ये या आवरणात लसिकावाहिन्या (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्या) सापडल्या आणि त्याच्याकडे नव्याने लक्ष गेलं. मेंदूला इजा झाल्यावर जो व्रण धरतो त्यातही या पेशींचा हात असतो, आणि माझं काम त्यावरच आहे. आमच्या प्राणी-प्रयोगांच्या मंजुरीत त्या स्वतः वेगळ्या करणं बसत नव्हतं, म्हणून तयार पेशींच्या व्हायल, म्हणजे छोट्या बंद कुप्या, मागवल्या.

खोकं आलं आणि अडकलं. कागदावर ‘माऊस’ दिसताच जिवंत प्राण्यांचे कागद मागितले गेले. आत गोठवलेल्या पेशींच्या दोन छोट्या व्हायल आहेत, प्राणी एकही नाही, हे मी फोनवर पुन्हा पुन्हा सांगत राहिले. ते पटलं, तर पुढच्या टेबलावर नवीन हरकत: परवान्यात ‘दोन व्हायल’ आणि बिलात ‘दोन मिलिलिटर’, म्हणजे माल जुळत नाही! दुरुस्त बिल मागवलं, तोवर शनिवार उजाडला. खोकं थंड ठेवणारा ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) उणे ७८ अंशांवर असतो, तो वितळत नाही, सरळ उडून जातो. रोज काही किलो कमी होतो. आणि कागद सुटेपर्यंत खोक्याला हात लावायचा नाही, असं उत्तर. पेशी मरतायत हे सांगूनही समोरच्या माणसाच्या आवाजात घाई आली नाही. शेवटी आमच्या क्लिअरिंग एजंटने, म्हणजे माल सोडवून देणाऱ्या माणसाने, वरच्या साहेबांना गाठून, त्यांच्या माणसासमोर खोकं उघडून ड्राय आइस भरायची परवानगी काढली. त्या एजंटचे उपकार मी विसरणार नाही.

म्हणून परवाना आणि बिल ओळीला ओळ लावून तपासा, एककासकट. ‘संसर्गजन्य नाही, फक्त संशोधनासाठी’ असं संस्थेच्या लेटरहेडवरचं पत्र खोक्याच्या बाहेर चिकटवा. पार्सल सोमवारीच निघू दे. बजेट असेल तर लिक्विड नायट्रोजनचा ड्राय शिपर (द्रव शोषून धरणारं थंड पिंप) मागा, तो आठवडाभर तरी तग धरतो. टेम्परेचर लॉगर, म्हणजे वाटेतलं तापमान नोंदवणारं यंत्र, तर हवाच. आमच्या लॉगरचा आलेख शेवटपर्यंत खाली राहिलेला पाहिला तेव्हा मी रडले.

हो, आणि व्हायल आल्या की उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवू नका, थेट लिक्विड नायट्रोजनमध्ये. थॉ करताना (गोठलेल्या पेशी वितळवताना) ३७ अंशांच्या पाण्यात बर्फाचा कण उरेपर्यंतच हलवा, सेंट्रीफ्यूज करू नका, पॉलि-लायसिन (पेशी चिकटाव्यात म्हणूनचा लेप) लावलेल्या फ्लास्कमध्ये सोडा आणि दुसऱ्या दिवशी मिडियम (पेशींचं पोषक द्रावण) बदला म्हणजे गोठवताना घातलेलं डीएमएसओ हे रसायन निघून जाईल. आमच्या चिकटल्या, पसरल्या, या पेशींची ओळख पटवणाऱ्या फायब्रोनेक्टिन या प्रथिनाचा रंगही छान आला. प्रायमरी पेशी (थेट प्राण्यातून काढलेल्या) फार पॅसेज, म्हणजे नव्या फ्लास्कमध्ये वाटून वाढवण्याच्या फेऱ्या, टिकत नाहीत, तेव्हा प्रयोगांची आखणी खोकं निघण्याआधीच करून ठेवा.