सत्ताविसावी चौकट

सातारा, आषाढ. रात्रीचे साडेनऊ.

"काय, आज किल्ल्यावर दिसला नाहीत?" काकांनी दुधाच्या रांगेत सहज विचारलं. एवढंच. दिवसभर तेच कानात.

सलग शंभर दिवस किल्ला चढायचा बेत. कालनिर्णयवर सव्वीस फुल्या आणि सत्ताविसावी चौकट कोरी. पाऊस काय, रोजच होता. मग लाज कशाची? अजिंक्यतारा न चढल्याची, की ते काकांना कळल्याची? खरं तर दुसरीच. एपिक्टेटस हा प्राचीन स्टोइक, म्हणजे हातात आहे तेवढंच सांभाळा म्हणणाऱ्या पंथाचा विचारवंत. त्याच्या पुस्तिकेत तो सुरुवातीलाच दोन वाटण्या करतो. आपलं मत, ओढ, इच्छा, नावड हे आपल्या हातात. शरीर, मालमत्ता, पद आणि लौकिक हातात नाही. काकांची "वा!" त्या दुसऱ्या वाटणीतली. सव्वीस दिवसांतलं निम्मं बळ तिच्याकडून उसनं घेतलेलं होतं, म्हणून एका प्रश्नात ते संपलं.

मार्कस ऑरेलियसही स्टोइकच. त्याने स्वतःसाठी लिहिलेल्या टिपणांचा पाचवा भाग अंथरुणातच सुरू होतो. पहाटे उठवत नाही तेव्हा स्वतःला सांगायचं, माणसाचं काम करायला उठतोय. पांघरुणात ऊब आहे म्हणावं, तर तो विचारतो, ऊब घ्यायलाच जन्म आहे का? चिमण्या, मुंग्या, कोळी, मधमाश्या आपापलं काम करतातच ना? १६१ ते १८० रोमचा सम्राट असलेल्या माणसाला हे स्वतःलाच समजवावं लागत होतं. हे वाचलं की जरा धीर येतो. आज तोही आला नाही. सगळं मुसळ केरात, असंच वाटत राहिलं.

पण चूक मांडणीतच होती. "सलग शंभर दिवस" हे ध्येयच हातातलं नव्हतं. ताप, पाहुणे, दरड, काहीही ते मोडू शकतं. हातातलं एवढंच: पाचला पाय जमिनीवर ठेवणं, बूट घालणं, दाराबाहेर पडणं. आणि प्रत्येक बेतापुढे स्टोइकांची ती पुस्ती हवी, "काही आड आलं नाही तर." पळवाट म्हणून नाही. पुस्ती नसली की पहिला अडथळाच हार वाटायला लागतो.

अडचणी आधी मनात आणायच्या, तेही अर्धवटच चाललं होतं. एपिक्टेटस सांगतो, हमामखान्यात निघालास तर तिथे पाणी उडवणारे, ढकलणारे, चोरणारे असणार हे आधी डोळ्यांपुढे आण. आणि मनाचा तोल राखणं हाही बेताचाच भाग धर. हा दुसरा भाग सुटला की उरते नुसती काळजी. म्हणजे "पाऊस असेल" एवढं लिहून भागत नाही. पाऊस असेल तर छत्री दाराशी, आणि चढ जमला नाही तर घरात तेवढाच वेळ पायऱ्या.

रात्रीचा हिशेब सेनेका या रोमन स्टोइकाचा. दिवा मालवल्यावर तीन प्रश्न: आज कोणती खोड सुधारली, कोणत्या दोषाला अडवलं, कशात थोडी प्रगती झाली? इथे बहुतेकांचं, माझंही, बिघडतं ते असं, की हिशेब राहतो बाजूला आणि झोडपणं सुरू होतं. सेनेका स्वतःला म्हणतो, पुन्हा असं करू नकोस, या वेळी क्षमा. हे शेवटचे शब्द गाळले की चार रात्रींत वही बंद पडते.

आणि मोजायचं कसं? एपिक्टेटसचं हे मोजमाप इतक्या वेळा वाचूनही आजच नीट दिसलं. तो म्हणतो, आधी रोज राग यायचा, मग दिवसाआड, मग दर तिसऱ्या दिवशी, मग चौथ्या. तीस दिवस गेले तर देवाचे आभार मानून अर्पण कर. म्हणजे तो सलग दिवसांची माळ मोजत नाही, दोन चुकांमधलं अंतर मोजतो. सवय आधी ढिली पडते, मग जाते. गेल्या वर्षी अंतर चार दिवसांचं होतं. आता सव्वीस.

काकांना उद्या काय सांगायचं, ते... राहू दे.

कोऱ्या चौकटीत फुलीऐवजी २६ लिहिलं. खाली उद्याचं: पाचला उठणं, किल्ल्यावरच्या मंगळाईच्या देवळापर्यंत, काही आड आलं नाही तर. छत्री दाराशी ठेवली आहे.